१३२ की १७५? डिझेल गाडीची पॉवर निवडताना

नवरात्र सुरू झालं की आमच्या कराडकडच्या नात्यागोत्यातून फोन यायला लागतात. दसऱ्याला, फार तर दिवाळी पाडव्याला गाडी दारात हवी असते. कर्ज मंजूर झालेलं असतं, रंगही ठरलेला असतो, आणि सगळं अडलेलं असतं एकाच ठिकाणी: "दादा, १३२ ची घेऊ की १७५ ची?"

हा प्रश्न येतो कारण बऱ्याच डिझेल गाड्या एकच इंजिन दोन ताकदींत विकतात. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन घ्या. खालच्या व्हेरिएंटमध्ये तिचं २.२ लिटरचं इंजिन १३२ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) पॉवर आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं. वरच्या व्हेरिएंटमध्ये तेच इंजिन १७५ पीएस देतं, टॉर्क मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४००. एक्सयूव्ही७०० मध्ये एमएक्स मालिकेला १५५ पीएस होते आणि एएक्स मालिकेला १८५. थार रॉक्समध्ये आवृत्तीनुसार १५२ किंवा १७५. जुन्या बाजारात डोकावलात तर रेनॉ डस्टर ८५ आणि ११०, पहिली क्रेटा १.४ लिटरची ९० आणि १.६ लिटरची १२८, अशा जोड्याच जोड्या दिसतील.

पहिल्यांदा डिझेल घेणाऱ्याला हे आकडे परीक्षेतल्या मार्कांसारखे वाटतात, जास्त ते चांगले. म्हणून मी फोनवर लगेच उत्तर देत नाही. आधी वही-पेन घ्यायला सांगतो.

पहिली पायरी: स्वतःची गाडी कागदावर चालवून बघा

मागच्या सहा महिन्यांत कुठे कुठे गेलात ते लिहा. रोजचा रस्ता किती किलोमीटर, त्यात सिग्नल किती, महिन्यातून किती वेळा गावी जाता, वाटेत घाट कोणता, गाडीत माणसं किती आणि परत येताना तांदळाची पोती, आंब्याच्या पेट्या असतात का. हे लिहिताना आपल्याला काय आवडतं ते बाजूला ठेवा, खरंच काय घडतं तेवढंच लिहा. लडाखला जायचं बऱ्याच जणांच्या मनात असतं, पण वर्षातले तीनशे दिवस गाडी हडपसर ते हिंजवडी चालणार असते.

यातल्या दोन गोष्टींना खरं महत्त्व आहे. एक, भरलेल्या गाडीने घाट चढणं. दोन, दुपदरी रस्त्यावर समोरून वाहन येत असताना ओव्हरटेक करणं. उरलेल्या जवळपास सगळ्या कामांना आजची कमी पॉवरची डिझेलही पुरून उरते.

दुसरी पायरी: ब्रोशरमधली दुसरी ओळ वाचा

ब्रोशरवर ठळक छापलेली असते ती पॉवर. ती मोठी दिसते कारण ती साधारण ३,५०० ते ४,००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, मोजलेली असते. घरची डिझेल गाडी आपण तिथे नेतो कितीदा? गावात आरपीएमचा काटा १,२०० ते २,००० च्या दरम्यान फिरतो, हायवेला २,००० च्या आसपास. म्हणून त्याच्या खालची, बारीक अक्षरातली टॉर्कची ओळ वाचायची, आणि त्यातही शेवटचा भाग: "१,५०० ते ३,००० आरपीएम" असं जे लिहिलेलं असतं ते. गाडी कुठून ओढायला लागते आणि कुठपर्यंत ओढत राहते, ते तिथे कळतं.

एक सोपा हिशेब शिकून ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडेल. टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ७,००० ने भागा. त्या आरपीएमला इंजिन किती पीएस देऊ शकतं ते मिळेल, अगदी नेमकं नाही पण निवडीपुरतं.

स्कॉर्पिओ-एनच्या दोन्ही मॅन्युअल आवृत्त्यांचा पूर्ण टॉर्क १,५०० ते ३,००० आरपीएममध्ये मिळतो. १,५०० ला कमी पॉवरवाली देते सुमारे ६४ पीएस, जास्त पॉवरवाली ७९. २,००० ला ८५ आणि १०५. कागदावर ४३ पीएसचा दिसणारा फरक रोजच्या वापरात १५ ते २० पीएसचा उरतो. तरी तो क्षुल्लक नाही. तो कुठे जाणवतो ते पुढे सांगतो.

कधी कधी टॉर्क तोच राहतो आणि नुसती पॉवर वाढते. टाटा हॅरिअर २०१९ ला आली तेव्हा १४० पीएसची होती, २०२० पासून १७० ची झाली. टॉर्क मात्र दोन्हींत ३५०. म्हणजे पुणे-सातारा रस्त्याने निवांत जाताना दोघींची ओढ बरीचशी सारखी. फरक पडतो काटा वर चढल्यावर, रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवताना. वापरलेली हॅरिअर बघायला गेलात तर नुसत्या ३० पीएससाठी फार पैसे मोजायची गरज नाही. २०२० नंतरच्या गाडीत ऑटोमॅटिक मिळते, बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांचं) इंजिन आहे, त्यासाठी मोजावेसे वाटले तर तो वेगळा विचार.

तिसरी पायरी: शिल्लक किती राहते ते बघा

मला या विषयात सांगायचं आहे ते मुख्यतः इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

सहा-सात माणसं आणि सामान धरून २,३०० किलोची गाडी आहे. शंभर मीटरला सहा मीटर चढणारा घाट आहे, वेग ताशी ६०. एवढं वजन वर न्यायला, हवेचा आणि टायरचा विरोध मोडायला साधारण ४० पीएस लागतात. यात एसी नाही, गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकदही नाही. ती धरली की आकडा पन्नाशीकडे सरकतो.

आता मघाचे आकडे शेजारी ठेवा. काटा १,५०० वर असताना कमी पॉवरच्या गाडीकडे आहेत ६४. म्हणजे चढ ती आरामात चढते आहे, फक्त हातात शिल्लक आहे १५ च्या आसपास. जास्त पॉवरवालीकडे शिल्लक ३०, म्हणजे दुप्पट. समोरचा ट्रक ओलांडायचा असतो तो या शिलकीतून. चढ चढण्यात दोघींत फरक नाही, चढावर वेग वाढवण्यात आहे.

याचा दुसरा अर्थही नीट समजून घ्या. कमी पॉवरवालीचा गिअर एकाने खाली टाकला आणि काटा २,००० च्या पुढे नेला की तिच्याकडेही ८५ पीएस येतात आणि शिल्लक ३५ वर जाते. म्हणजे जास्त पॉवरचे पैसे आपण बऱ्याच अंशी गिअर न बदलण्यासाठी देतो. ज्याला गिअर खाली टाकायचा कंटाळा नाही आणि कधी टाकायचा ते कळतं, त्याची गरज तिथेच अर्धी भागते.

हे मी अनुभवाने शिकलो. माझी आधीची गाडी ७५ पीएसची हॅचबॅक होती. जानेवारीत, ऊसतोडीच्या दिवसांत, पाटणच्या रस्त्याला दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे होतो. आई-वडील मागे बसलेले, एसी चालू, गाडी चौथ्या गिअरमध्ये, काटा १,५०० च्या खाली. ओव्हरटेकला बाहेर काढली आणि दाबली तर गाडी ओढेचना. त्या दोन ट्रॉल्यांची लांबी संपता संपेना आणि समोरून एसटी आली. मी ब्रेक मारून पुन्हा मागे आलो, सगळे सुखरूप राहिलो. वडील काही बोलले नाहीत, पण कुंभार्ली घाट उतरून चिपळूण येईपर्यंत त्यांचा हात वरच्या दांडीवरच होता. त्या छोट्या इंजिनाचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, २,००० च्या जवळ आल्याशिवाय नीट लागत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. तिसरा गिअर टाकून बाहेर पडलो असतो तर तीच गाडी निघून गेली असती. तेव्हापासून गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, चालवणारं कोण आहे? घरात नुकतंच शिकलेलं कुणी असेल, किंवा गिअर बदलायला नको वाटणारं ज्येष्ठ माणूस असेल, आणि वाटेत दुपदरी रस्ते असतील, तर शिलकीचे पैसे खुशाल द्या.

मुंबई-पुणे एक्सप्रेस वेसाठी किंवा समृद्धीसाठी मात्र पॉवर वाढवून घेऊ नका. सपाटीला ताशी १०० ने जायला अशा मोठ्या गाडीला साधारण ३० पीएस लागतात, समृद्धीवरच्या १२० च्या मर्यादेला ४५ च्या आसपास. दोन्ही आवृत्त्यांकडे त्याच्या दुपटीपेक्षा जास्त आहे. चौपदरी-सहापदरी रस्त्यावर समोरून कुणी येत नाही, ओव्हरटेकला चार सेकंद जास्त लागले तर काही बिघडत नाही.

चौथी पायरी: आत नेमकं काय बदललंय ते विचारा

दोन ताकदी दोन प्रकारे बनतात. एका प्रकारात लोखंड जवळपास तेच असतं आणि संगणकात डिझेल किती सोडायचं, टर्बोचा दाब किती ठेवायचा, याचे हुकूम वेगळे असतात. दुसऱ्या प्रकारात टर्बोच वेगळा असतो, क्वचित क्लच आणि गिअरबॉक्ससुद्धा.

दुसरा प्रकार समजायला डस्टर उत्तम. २०१२ ला ती आली तेव्हा ८५ पीएसवालीला साधा टर्बो, पाच गिअर आणि १,९०० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर. ११० वालीला पाती फिरवून दाब बदलणारा टर्बो, सहा गिअर आणि २४८ न्यूटन-मीटर, पण २,२५० आरपीएमला. आता यातली गावात कोणती बरी? बऱ्याच मालकांचा अनुभव असा की ८५ वाली. ती लवकर ओढायला लागते, सारखा गिअर बदलावा लागत नाही. ११० वाली २,००० च्या खाली जरा सुस्त, आणि एकदा टर्बो लागला की मग हायवेवर तिची मजा. जास्त पॉवरची गाडी ट्रॅफिकमध्ये जास्त कष्टाची वाटू शकते, हे नवख्याला कुणी सांगत नाही.

फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेटची गोष्ट तीच. आपल्या रांजणगावला बनलेलं हे इंजिन कितीतरी गाड्यांत गेलं. मारुतीनेही ते परवान्याखाली बनवलं. स्विफ्ट-डिझायरमध्ये ते ७५ पीएसचं होतं, ब्रेझा आणि अर्टिगामध्ये ९० चं, टाटा झेस्टमध्ये व्हेरिएंटप्रमाणे ७५ किंवा ९०. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, त्यामुळे हा सगळा आता वापरलेल्या गाड्यांचा विषय आहे. हलक्या स्विफ्टला ७५ पुरतात. सात माणसांच्या अर्टिगाला ९० हवेतच.

शोरूममध्ये आणखी एक विचारा: पॉवरबरोबर दुसरं काय काय बदलतं? कमी पॉवर ही बहुधा खालच्या व्हेरिएंटला बांधलेली असते. एअरबॅग किती, ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आहे का, मागे डिस्क ब्रेक आहेत की ड्रम, टायरची रुंदी किती, हे एकेक करून लिहून घ्या. पुष्कळदा असं होतं की १७५ पीएस नको असतात पण ईएसपी आणि जास्त एअरबॅग हव्या असतात, आणि त्या वरच्याच व्हेरिएंटमध्ये मिळतात. तेव्हा वरचं घ्या, माझं मत ठाम आहे. सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनसाठी जात असाल तर मात्र एक रात्र विचार करा.

पाचवी पायरी: टेस्ट ड्राइव्ह, पण तीच गाडी आणि घरचे बरोबर

डेमोला ठेवलेली गाडी बहुतेक वेळा टॉप मॉडेल, बहुधा ऑटोमॅटिक असते. ती चालवून कमी पॉवरवाली बुक करणं म्हणजे एका मुलाला बघून दुसऱ्याशी लग्न ठरवणं. आपण घेणार तीच आवृत्ती मागा. शोरूमला नसेल तर दुसऱ्या गावच्या डीलरला फोन करा, किंवा ती गाडी असलेला ओळखीचा माणूस शोधा. आठवडा गेला तरी चालेल.

जाताना घरातली चार माणसं घेऊन जा. एकट्याने चालवलेली गाडी नेहमीच जोरकस वाटते. एसी पूर्ण लावा. मग या तीन गोष्टी करून बघा. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये हळू उतरा आणि क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, नुसता अ‍ॅक्सिलरेटर द्या. गाडी अडखळत, थरथरत पुढे गेली तर ट्रॅफिकमध्ये तुम्हाला सतत पहिला गिअर टाकावा लागणार. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ७० पर्यंत जा आणि टर्बो कुठे लागतो ते काट्यावर बघा. शेवटी एखाद्या पुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघा. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट यासाठी जवळ आहे, सेल्समनला आधी सांगून ठेवा. क्लच किती जड आहे तेही डाव्या गुडघ्याला विचारा. जास्त टॉर्कच्या गाडीचा क्लच पुष्कळदा जड असतो आणि तासभर ट्रॅफिकमध्ये ते सोसावं लागतं.

सहावी पायरी: पैशांचा हिशेब ऑन-रोड करा

एक्स-शोरूमला दोन लाखांचा फरक असेल तर तो दोन लाखांचा नसतो. महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत १३ टक्के, दहा ते वीस लाखांना १४ टक्के आणि त्यापुढे १५ टक्के रस्ता कर आहे. म्हणजे दोन लाखांवर २८,००० कराचेच. वरचा व्हेरिएंट वीस लाखांची रेघ ओलांडत असेल तर टक्का पूर्ण किमतीवर वाढतो, ते आधी तपासा. फरकाचे दोन लाख अठ्ठावीस हजार ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात घातले तर हप्ता महिना सुमारे ४,७०० रुपयांनी वाढतो.

पॉवर वाढली म्हणून जीएसटी किंवा थर्ड पार्टी विमा वाढत नाही. ते ठरतात इंजिनाच्या सीसीवर, आणि जीएसटीत गाडीच्या लांबीवरही. म्हणून तीन दारांच्या थारची निवड वेगळीच आहे. तिचं १.५ लिटर डिझेल ११८ पीएसचं, २.२ लिटरचं १३० च्या घरात, आणि टॉर्क दोन्हींचा ३००. पण गाडी चार मीटरच्या आत आहे आणि इंजिन १,५०० सीसीच्या आत, म्हणून सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर १.५ ला १८ टक्के जीएसटी आहे आणि २.२ ला ४०. नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, २०२२ च्या दरांप्रमाणे, १,००० ते १,५०० सीसीला १०,६४० रुपये, त्यावर २४,५९६. फोर बाय फोर लागत नसेल तर थारमध्ये १.५ च घ्यावी असं मी सांगतो. टर्बो लागायच्या आधी, अगदी खालच्या वेगाला, मोठं इंजिन जास्त भरीव वाटतं हे खरं, पण एवढ्या फरकाइतकं नाही.

अ‍ॅव्हरेजची चिंता लोक उगाच करतात. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवलीत, एकीने १४ दिले आणि दुसरीने १३, तर फरक ८२ लिटरचा. लिटर ९० रुपये धरलं तर वर्षाला साडेसात हजारांच्या आत. आणि हा किलोमीटरभराचा फरक गाडीपेक्षा पायावर जास्त अवलंबून असतो. घाटात सतत दाबून चालवलेली कमी पॉवरवाली कधी कधी जास्तच पिते.

रोजचं चालवणं पाच-सात किलोमीटरचं आणि तेही सगळं शहरात असेल, तर १३२ आणि १७५ दोन्ही बाजूला ठेवा. बीएस६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्यातली काजळी जळायला गाडी मधूनमधून सलग वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. तसं घडणार नसेल तर पेट्रोल बघा.

"कमीची घेतो आणि बाहेरून रिमॅप करतो"

हा सल्ला गॅरेजमध्ये फार मिळतो, विशेषतः तरुण मुलांना. इंजिन तेच आहे ना, मग संगणकातले हुकूम बदलले की झालं, असं. तसं नसतं. टर्बो, क्लच, गिअरबॉक्स दिसायला सारखे असले तरी दोन्हींत तेच भाग आहेत याची खात्री बाहेरच्या माणसाला नसते. वॉरंटी जाते. आणि विमा कंपनीला न सांगता गाडीत केलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीत आणतो. ज्या कुटुंबाची ही एकच गाडी आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. १७५ हवे असतील तर कारखान्यातूनच १७५ घेऊन या.

वापरलेली घेताना आणि बुकिंगच्या दिवशी

वापरलेल्या गाडीत मागच्या दारावरचा बॅज बघून पॉवर ठरवू नका, तो दोनशे रुपयांत बदलतो. डस्टरसारख्या गाडीत गिअर मोजा: पाच की सहा. मूळ बिल मागा, आरसीवरचा हॉर्सपॉवरचा रकाना वाचा, आणि सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन व्हेरिएंट विचारून घ्या. जास्त पॉवरच्या आवृत्तीत टर्बो आणि क्लच आधी तपासा. थंड इंजिन सुरू करून धुराचा रंग बघा, उभ्या चढावर वरच्या गिअरमध्ये दाबून क्लच घसरतो का बघा. घसरणाऱ्या क्लचमध्ये काटा वर जातो आणि गाडी मात्र तिथेच राहते.

नवी घेताना बुकिंगच्या कागदावर नुसतं गाडीचं नाव आणि "डिझेल" असेल तर सही करू नका. व्हेरिएंट, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, टू-व्हील की फोर-व्हील ड्राइव्ह आणि पॉवर किती पीएस, हे चारही लिहून घ्या. आमच्या एका मेव्हण्यांच्या कागदावर व्हेरिएंटचं एक अक्षर चुकलं होतं. गाडी यार्डात आल्यावर ते लक्षात आलं आणि दसऱ्याची गाडी त्यांना मार्गशीर्षात मिळाली.